अर्धशिशीचा डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर झाला, आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंधार तालुक्यातले माजी हवालदार, तोपखान्यात २४ वर्षं, २०१९ मध्ये मुदत संपून पेन्शनवर आलात. रिलीज मेडिकल बोर्डानं (नोकरीतून सुटताना तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ) 'मायग्रेन, २० टक्के, आजीवन' असं लिहिलं, तरी डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे अपंगत्वाबद्दलच्या पेन्शनचा, क्लेम नामंजूर झाला. अपील केलं नाही. आता विचारताय की डोकं किती दुखतं हे सिद्ध कसं करायचं?

दादा, ते सिद्ध करायची तुम्हाला गरजच नाही. २० टक्के बोर्डानं स्वतःच मान्य केलेत. तुमचा क्लेम अडलाय तो दुसऱ्या रकान्यात. तिथं बहुतेक 'नाना' लिहिलेलं असेल, म्हणजे आजार नोकरीमुळे झालेलाही नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. दोन्ही अटी एकत्र लागतात: किमान २० टक्के, आणि नोकरीशी संबंध. सगळं भांडण आता संबंधाचं आहे. एमआरआयच्या फाइली जमवत बसू नका. अर्धशिशीत एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो, आणि समोरचा वकील तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतो.

पहिलं काम म्हणजे कागद. नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'माझे सर्व मेडिकल पेपर' असं मोघम लिहू नका, नेमकी नावं द्या: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही (फॉर्म एएफएमएसएफ-१६), आधीचे सगळे कॅटेगरी बोर्ड (आजारामुळे मेडिकल कॅटेगरी ठरवणारे), पहिल्यांदा दवाखान्यात भरती झाल्याची डिस्चार्ज स्लिप, भरतीच्या वेळचा मेडिकल, आणि पोस्टिंगचा तपशील. नामंजुरीचं पत्र हरवलं असेल तर त्याचीही प्रत मागा. पत्रावरची तारीख पुढे लागते.

कागद आले की एकच गोष्ट शोधायची. आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तेव्हा तुम्ही कुठं होता आणि ड्यूटी काय होती? बोर्ड सहसा लिहितं, 'ऑनसेट इन पीस स्टेशन, म्हणून नाना', म्हणजे आजार शांततेच्या ठाण्यात सुरू झाला, सीमेवर किंवा फील्डमध्ये नाही. हे कारण लंगडं आहे. पीस स्टेशनात तरी झोप पुरी होते का? रात्रीची गार्ड, फायरिंग रेंजवर तोफांचा दणका, राजस्थानातल्या सरावाचं ऊन, अनियमित जेवण. अर्धशिशीला झोपमोड, उपाशीपण आणि ऊन हे नेहमीचे चिथावणीखोर. आणि आजार पीसमध्ये सापडला, पण त्याआधी फील्ड किंवा उंचावरची पोस्टिंग झाली असेल, तर तारखांचा तक्ता करून तो अर्जाला जोडा. कॅटेगरी लागल्यानंतरही फील्डमध्ये पाठवलं असेल तर तो सोन्याहून मोलाचा पुरावा समजा.

आता कायद्याचा मुद्दा. सगळे जण तुम्हाला धरमवीर सिंग यांचा निकाल सांगतील. सर्वोच्च न्यायालय, २ जुलै २०१३. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत उद्भवला असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं तर बोर्डानं कारण लिहायचं, असा त्याचा गाभा. निकाल चांगलाच आहे, पण फक्त त्याच्या भरवशावर जाऊ नका. ३ ऑक्टोबर २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की भरतीच्या मेडिकलमध्ये न दिसणारे आजारही असतात, त्यामुळे आपोआप गृहीत धरता येत नाही, प्रकरण-प्रकरण बघावं लागतं. ते प्रकरण मानसिक आजाराचं होतं, पण सरकारी बाजू अर्धशिशीलाही हेच लावते: हा आनुवंशिक, जन्मजात प्रवृत्तीचा आजार आहे, फौजेनं दिलेला नाही.

म्हणून माझा सल्ला: 'नोकरीमुळे झाला' यावर अडून बसू नका, 'नोकरीमुळे वाढला' यावर भर द्या. पेन्शनला दोन्हीतलं एकही पुरतं. प्रवृत्ती आईकडून आली असं मान्य केलं तरी, दोन महिन्यांतून एकदा येणारा झटका आठवड्यातून दोनदा येऊ लागला, आणि तो कशानं, हे पोस्टिंगच्या तक्त्यासमोर ठेवता येतं. हे बोर्डाच्या कागदातल्या दवाखान्यात भरती झाल्याच्या तारखांवरून दिसलं पाहिजे. नुसत्या तुमच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

डोक्याला मार लागून त्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर प्रकरणच वेगळं. त्याला मायग्रेन म्हणून का लिहून घेतलं, हा प्रश्न आधी विचारा. ड्यूटीवर इजा झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट (फॉर्म आयएएफवाय-२००६) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्करी चौकशीचे) कागद मागवा. मग संबंध सिद्ध करणं बरंच सोपं जातं.

अपिलाची वाट. पहिलं अपील 'ॲपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील'कडे, नामंजुरीपासून सहा महिन्यांत. दुसरं 'सेकंड ॲपेलेट कमिटी ऑन पेन्शन'कडे, तेही सहा महिन्यांत. तुमची मुदत केव्हाच उलटून गेलीय. तरीही पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवा, सोबत उशीर का झाला हे लिहा (पत्र उशिरा मिळालं, बोर्डाची प्रत दिली नव्हती वगैरे, खरं असेल तेच). पोस्टाची पावती जपा. सहा महिने उत्तर आलं नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या (सैनिकांच्या दाव्यांसाठीचं न्यायाधिकरण) मुंबई खंडपीठात जायचा रस्ता मोकळा होतो. महाराष्ट्र, गुजरात, गोवा त्याच खंडपीठाकडे आहेत. तिथं प्रतिवादी म्हणून संरक्षण सचिव, लष्करप्रमुख, रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पेन्शनचं लेखा कार्यालय, म्हणजे पीसीडीए, लावतात.

पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, त्यामुळे उशीर माफ होण्याची शक्यता चांगली असते. पण थकबाकीचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग निकालाच्या (२००८) आधारे ट्रायब्युनलनं अनेकदा अर्ज दाखल करण्याआधीच्या तीनच वर्षांची रक्कम दिलीय. म्हणजे अर्ज जितका लांबवाल, तितके महिने मागून गळण्याची भीती असते.

अर्जाच्या मागण्यांमध्ये राउंडिंग ऑफ, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला धरणं, वेगळं लिहायला विसरू नका, आपल्याकडे ते नेमकं राहून जातं. राम अवतार प्रकरणात (१० डिसेंबर २०१४) सर्वोच्च न्यायालयानं मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ते लागू केलं. ५० च्या खालचं अपंगत्व ५० टक्के धरलं जातं. फरक बघा: शेवटचं पेन्शनपात्र वेतन ४५,००० धरलं तर १०० टक्के अपंगत्वाला त्या वेतनाचे ३० टक्के, म्हणजे १३,५००. त्यातले २० टक्के २,७०० रुपये, आणि ५० टक्के ६,७५० रुपये. वर महागाई वेगळी.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक: तुमच्या बोर्डात '१५ ते १९ टक्के' असं असेल आणि तुम्ही मुदत पूर्ण करून आला असाल, तर आधी टक्केवारीवर अपील मेडिकल बोर्ड मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या एस. पी. राठोड निकालानंतर (११ डिसेंबर २०१९) २० च्या खाली असताना संबंध सिद्ध करूनही हाती काही लागत नाही. स्वेच्छेनं सुटून आलेल्यांनाही १ जानेवारी २००६ नंतर नोकरी सोडली असेल तर दार बंद नाही. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना मात्र नवे नियम लागतात, त्यांनी हे उत्तर आपल्याला जसंच्या तसं लावू नये.

अपील बोर्ड बोलावेल तेव्हा काय न्यायचं? तीन-चार महिन्यांची डोकेदुखीची वही. तारीख, सुरू झालेली वेळ, किती तास, ओकारी झाली का, उजेड-आवाज सहन झाला का, कुठली गोळी घेतली, कुठलं काम सोडावं लागलं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस दुखत असेल आणि त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचेच असतील, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. पण महिन्यातून १५ दिवस साधी पॅरासिटामॉल किंवा १० दिवस मिश्र गोळी पोटात जात असेल, तर दुखणं गोळीचंच ठरू शकतं आणि बोर्डाला आयतं कारण मिळतं. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) न्यूरॉलॉजिस्टकडे रेफरल घेऊन आधी ते निस्तरून घ्या. त्याची तारखांसह नोंद फाइलला असली की गोळीचा मुद्दा बोर्डाला लावता येत नाही.

फॉर्म भरताना अडलात तर नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन.