बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते म्हटलं की पायथनवाले हसतात. ही भाषा एवढी बदनाम का?

बदनामी खरी, पण जुन्या बेसिकची. ओळींना १०, २०, ३० असे नंबर आणि ‘गोटू’ (म्हणजे ‘अमुक ओळीवर जा’) या आज्ञेने कुठूनही कुठेही उडी, प्रोग्रॅम वाढला की गुंता सुटत नसे. बेसिक शिकलेल्याला चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य, असं संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९७५ साली लिहिलं. (अतिशयोक्तीच ती!) मुळात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ही भाषा तयार केली, तीही गणित-विज्ञानाबाहेरच्या पोरांसाठी. पुढे क्यूबेसिक, व्हिज्युअल बेसिक या नंतरच्या रूपांमध्ये नंबरांची सक्ती गेली.

रत्नागिरीत आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एक्सेलात ठेवत असाल, तर त्यातले मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आजही व्हीबीएत (व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स), म्हणजे बेसिकच्याच वंशात लिहितात. हसणाऱ्यांना हसूदेत.