आंबा घाटात गाडी ओढत नाही: पंपाच्या स्क्रूला हात लावण्याआधी

तुझ्या प्रश्नाचा मला कळलेला अर्थ असा. २०१३ ची बोलेरो पिकअप, मेकॅनिकल पंपाचं २५२३ सीसी डीआय टर्बो इंजिन, दोन लाख साठ हजार किलोमीटर झालेलं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, हे रोजचं. पूर्वी घाटाचा बराचसा भाग तिसऱ्या गिअरवर निघायचा, आता दुसऱ्यावर पाय पूर्ण दाबूनही काटा १८-२० च्या वर जात नाही. इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणारा पंपवाला म्हणतो स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतो, दुसरा एक जण मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवायला सांगतोय. हाताशी चाळीस हजार आहेत आणि कुठे घालू असं विचारतोयस.

मी या रस्त्यावर अठरा वर्षं पिकअप चालवली. मासळीही वाहिली, आंबाही. माझं उत्तर सरळ आहे: तुझ्या इंजिनात ताकद वाढवायची नाहीये, हरवलेली शोधायची आहे.

थोडा हिशोब मांडतो, म्हणजे हे नुसतं मत वाटणार नाही. पंधरा फुटांना एक फूट असा चढ धरू. भरलेली गाडी तीन टनांची असेल, तर अशा चढावर ताशी ३० नं चढायला चाकांवर साधारण २७ हॉर्सपॉवर लागतात. गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलच्या क्राऊनमध्ये जे खर्च होतं ते धरून इंजिनाकडून ३२. तुझ्या इंजिनाची कागदावरची ताकद ६३ आहे. आता गाडी ३,६०० किलोची झाली आणि तू १९ नं चढतोयस असं धर. तेव्हा इंजिन जेमतेम पंचवीस देतंय. दुसऱ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिनाचे फेरे कमी असतात, त्यामुळे पूर्ण ६३ मिळणार नाहीत हे खरं. पण धडधाकट इंजिनानं तिथेही याच्या दीडपट द्यायला हवी. म्हणजे प्रश्न दोन आहेत. गाडी जड झालीय, आणि इंजिन अर्धपोटी चाललंय.

आधी जड होण्याचं. तू माल ‘बाराशे किलो’ लिहिला आहेस. भावा, हे मासळीचं वजन की बर्फासकट? आपल्याकडे सगळे मासळी मोजतात, बर्फ कुणी मोजत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात कोल्हापूरपर्यंत माल ताजा पोचवायचा तर किलोला जवळपास किलोभर बर्फ पडतो. त्यात प्लास्टिकचे क्रेट, ताडपत्री, मागे बसलेला माणूस. एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर घाल आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघ. मी पहिल्यांदा काटा केला तेव्हा माझ्या अंदाजापेक्षा पाचशे किलो जास्त भरले होते. तीन टनांच्या गाडीवर पाचशे किलो म्हणजे चढावर सतरा टक्के जास्त ताकद. कुठलाही स्क्रू फिरवून सतरा टक्के सुखासुखी मिळत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार. ब्रेकचं तर बोलायलाच नको, परतीला तोच घाट उतरायचा असतो.

आता इंजिन. धूर कसा येतो ते तू लिहिलं नाहीस, आणि सगळ्यात आधी तेच बघायचं असतं. चढावर मागच्या गाडीवाल्याला विचार. भरपूर काळा धूर असेल तर डिझेल येतंय पण हवा पुरत नाही. धूर जवळजवळ नाहीच आणि तरी दम नाही, तर डिझेलच पोचत नाही. निळा असेल तर ऑइल जळतंय. गरम इंजिनावर पांढरा येत राहिला तर दोष नोझलमध्ये (डिझेल फवारणारी तोटी), टायमिंगमध्ये (फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधला हवेचा दाब).

पहिली तपासणी फुकटची आहे आणि दहातले आठ जण ती करत नाहीत. बॉनेट उघड, इंजिन बंद ठेव, केबिनमधून कुणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांग आणि तू पंपावरचा लिव्हर बघ. तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का? केबल ताणली गेली असेल, पॅडलचं बुश झिजलं असेल किंवा खाली जाड मॅट घातलं असेल, तर पाय पूर्ण दाबला तरी लिव्हर अर्ध्या बोटानं अलीकडेच थांबतो. माझ्या दुसऱ्या गाडीत नेमकं हेच होतं. दोन गॅरेजांत नोझल बदलून झाले, आणि शेवटी केबल ताणल्यावर गाडी पळाली.

मग हवा. एअर फिल्टर झटकून परत घालू नकोस, नवीन घाल. चौपदरीकरणाच्या कामाची धूळ या रस्त्यावरच्या गाड्यांनी भरपूर खाल्ली आहे. त्यानंतर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज. हे लबाड असतात. उभ्या गाडीत चांगले दिसतात, पण लोडवर दाब वाढला की चीर उघडते आणि हवा बाहेर जाते. क्लिपपाशी ऑइलचा ओला डाग दिसला तर तिथेच समज. साबणाचं पाणी लावून, कुणाला तरी रेस करायला सांगून बुडबुडे बघ. इनटेकवरून पंपाच्या डोक्यावर जाणारी बारीक नळी तुझ्या पंपाला असेल, तर ती काढून फुंकून बघ. टर्बोचा दाब वाढला की पंपाला ‘आता डिझेल वाढव’ हे तीच नळी सांगते. ती तडकली असेल किंवा आतला पडदा फाटला असेल, तर पंप घाटातही सपाटीसारखंच डिझेल देत राहतो. पन्नास रुपयांची नळी आणि माणूस मोठ्या टर्बोचा विचार करायला लागतो!

डिझेलच्या बाजूला मासळीच्या गाड्यांचा खास रोग आहे. हौद्यातून गळणारं खारट पाणी चॅसीवर, टाकीवर, पाइपांवर, ब्रेकवर सतत पडतं. दहा-बारा वर्षांच्या टाकीत आतून गंज धरतो, त्याचा भुगा तळाच्या जाळीवर बसतो. सपाटीवर गाडी ठीक चालते, चढावर डिझेलची मागणी वाढली की जाळी गच्च होते आणि दम तुटतो. गाडी पाच मिनिटं उभी केली की भुगा खाली बसतो आणि परत थोडा वेळ ओढते. तुझ्या वर्णनात ‘घाटात थांबून निघालो की जरा बरी चालते’ असं वाक्य आहे. ते वाचल्यापासून माझा पहिला संशय टाकीवरच आहे.

याची खात्री करायची रीत सांगतो. फिटरला सोबत घे. स्वच्छ डिझेलचा पाच-दहा लिटरचा डबा केबिनमध्ये घट्ट बांध, पंपाकडे जाणारा पाइप आणि परतीचा पाइप दोन्ही त्या डब्यात सोड, आणि घाटाच्या पायथ्याच्या दख्खन गावापासून वर अर्धा घाट चढून बघ. गाडी पळाली तर दोष टाकीत, पाइपात किंवा फिल्टरमध्ये. टाकी उतरवून धुवायची, जाळी साफ करायची, गंजलेला पाइप बदलायचा. पळाली नाही तर पुढे जायचं. अंदाजानं सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा हा अर्धा दिवस लाखमोलाचा आहे.

आणखी एक जागा, जी इंजिनात नाही. खाऱ्या पाण्यानं हँडब्रेकची केबल आणि मागचे लायनर आवळून बसतात. रिकाम्या गाडीनं सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जा, ब्रेक शक्यतो दाबू नकोस, आणि मग उतरून चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात ने. टेकवू नकोस, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तुझे चार-पाच हॉर्सपॉवर तिथे रोज जळतायत. क्लचही बघ: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेट घसरतेय. आणि टायर कंपनीच्या मापाचेच ठेव. उंच टायर दिसायला छान, पण प्रत्येक गिअर त्यानं लांब होतो आणि घाटात तेच महाग पडतं.

एवढं करूनही कमी वाटलं तरच इंजिन उघडण्याकडे वळ. टॅपेट गॅप (व्हॉल्व्हची फट), मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. ऑइलचं झाकण काढल्यावर धुराची जोरदार फुंकर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांचं काम आलं आहे, आणि तिथे नोझल-पंपावर पैसे घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर नोझल बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) तपासून घे आणि पंप टेस्ट बेंचवर कंपनीच्या मापाला लावून घे. शब्द नीट ऐक: कंपनीच्या मापाला. ‘जरा वाढवून’ नाही.

वाढवून का नाही, ते मी भोगलं आहे म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या गाडीचा पंप एका पंपवाल्यानं असाच वाढवून दिला. पहिले तीन आठवडे मी खूश होतो. सपाटीवर गाडी खरंच पळत होती, मागे काळा ढग सुटत होता आणि मला ती ताकद वाटत होती. मे महिना, बांगडा भरलेला, आंबा घाटाच्या वरच्या वळणांवर खडखड सुरू झाली. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वरून वितळला होता. जादा डिझेलला पुरेशी हवा नसेल तर ते उशिरापर्यंत जळत राहतं आणि एक्झॉस्टची उष्णता चढत जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याची उष्णता दाखवतो, पिस्टनच्या डोक्यावर काय चाललंय ते नाही. माझा काटा शेवटपर्यंत मध्यावर होता. इंजिनाचे सत्तर हजार गेले, माल सगळा गेला, आणि ज्या व्यापाऱ्याचा माल होता त्यानं पुन्हा मला बोलावलं नाही. मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

पंप वाढवलेली एखादी गाडी सपाटीवर, अर्ध्या लोडवर वर्षानुवर्षं टिकते, हे मी नाकारत नाही. पण सलग चढ, पूर्ण लोड आणि उन्हाळा ही त्या सेटिंगची सगळ्यात वाईट परीक्षा आहे, आणि तू ती रोज देणार आहेस. मोठ्या टर्बोचंही तसंच. तो उशिरा भरतो, वरच्या फेऱ्यांना हवा देतो. तुझ्या इंजिनाचा स्वभाव उलट आहे: पिस्टनचा स्ट्रोक बोअरपेक्षा लांब, खरी ओढ १,५०० फेऱ्यांच्या आसपास. घाटात तुला नेमकी तिथेच हवा हवी, आणि मोठा टर्बो तिथेच झोपलेला असतो. कायद्याची बाजूही आहे. परवानगीशिवाय असे बदल केले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ ए खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या वयाच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, पंप वाढवल्यावर ती पाळणं अवघड.

चाळीस हजारांचं म्हणशील तर फिल्टर, होज, केबल, टाकीची धुलाई आणि ब्रेकचं काम यांनाच आधी हात घाल. माझ्या अंदाजानं अर्ध्याहून जास्त पैसे शिल्लक राहतील. ते नोझल आणि पंपाच्या बेंचसाठी ठेव, पण ते काम आता धंद्याच्या दिवसांत काढू नकोस. जून-जुलैची मासेमारी बंदी असते, गाडी तशीही उभी असेल, तेव्हा निवांत कर. तेव्हाच हौद्याला पत्र्याची पन्हळ आणि मागे नळी लावून घे, म्हणजे खारं पाणी चॅसीवर न पडता बाजूला गळेल. तुझ्या गाडीला जे झालंय त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

आणि काटा केल्यावर वजन खरंच साडेतीन टनांच्या पुढे निघालं, तर माल कमी कर किंवा पावणेदोन टन माल वाहणारी गाडी बघायला लाग. दोन लाख साठ हजार चाललेल्या इंजिनाकडून ते मागू नकोस.

आज संध्याकाळी फक्त केबल आणि ती बारीक नळी बघ. धुराचा रंग आणि काट्याचं वजन कळलं की सांग, पुढचं त्यावर ठरवू.