समोरचा 'सॉरी?' म्हणाला की

'मॅडम, इंग्रजी समजतं सगळं. वाचता येतं, लिहिता येतं. बोलायची वेळ आली की गाडी अडते.' आपापल्या कामात तरबेज असलेली माणसं माझ्यासमोर बसून हे इतक्या वेळा म्हणाली आहेत, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. यातले पुष्कळ जण मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधीची ही पिढी आता वरच्या पदांवर पोचली आहे आणि तिथे नुसत्या ईमेलवर भागत नाही. त्यांचा प्रश्नही ठरलेला: 'कुठला क्लास लावू?'

अशाच एका क्वालिटी इंजिनिअरबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो काम करायचा. जर्मनीतल्या ग्राहकाबरोबर दर आठवड्याला कॉल असे. त्याने लिहिलेल्या एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे माल का बिघडला आणि त्यावर उपाय काय हे मांडणाऱ्या अहवालात, कुणी खोट काढली नव्हती. कॉलवर मात्र तो माइक बंद ठेवून बसायचा आणि त्याने शोधलेली कारणं साहेब सांगायचे. क्लास करून झाले होते, मोबाइलवरची ॲपही झाली होती.

'कॉलवर नेमकं काय होतं?'

'मी बोलतो. समोरचा म्हणतो, सॉरी?'

'मग?'

'मग मी वाक्य बदलतो. जरा बरं इंग्रजी आणायला जातो. त्यात आणखी गोंधळ होतो. शेवटी मेल करतो म्हणून सांगतो.'

'तो सॉरी म्हणतो तेव्हा मनात पहिलं काय येतं?'

बराच वेळ तो गप्प राहिला. 'यांना कळलं, मी मराठी मीडियमचा आहे ते.'

माझं सगळं लक्ष या उत्तरावर गेलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सेमिनारला मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली होती. ती गोष्ट आम्ही बोललो, पण तिथे रेंगाळलो नाही. जखम जुनी असली तरी ती रोज नव्याने कशी चिघळते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणूस बोलताना लक्ष कुठे ठेवतो, यावर माझा भर असतो.

एका भेटीत मी म्हटलं, 'मागच्या महिन्यात माल का परत आला, ते मला मराठीत सांगा. मला त्यातलं काही कळत नाही, असं धरून चाला.' त्याने कागद ओढला, भागाचं चित्र काढलं, भोकाचं माप कुठे बिघडलं ते दाखवलं. मध्येमध्ये थांबत होता, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, 'इथपर्यंत आलं ना लक्षात?' विचारत होता. उत्तम शिक्षक झाला असता. मग म्हटलं, 'आता हेच इंग्रजीत.' कागद बाजूला सरला. नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली, वेग दुप्पट झाला आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट घशातच राहू लागलं. मी टिपणं घेत होते. दोन्ही वेळचं बोलणं त्याच्याच मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं.

संपल्यावर मी माझा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि दचकला. 'पन्नास कुठे? पंधरा नग खराब निघाले होते!'

'मी पन्नास ऐकलं.'

'मी फिफ्टीन म्हटलं होतं.'

'म्हटलं असाल. माझ्यापर्यंत फिफ्टी आलं. आता सांगा, हे लिहिताना मी तुमच्या शाळेबद्दल काय विचार करत होते?'

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, 'काहीच नाही. तुम्हाला फक्त आकडा चुकीचा ऐकू आला.'

नंतर त्याने दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली, एकदा नाही, बऱ्याचदा. पुढच्या भेटीत आल्या आल्या म्हणाला, 'मॅडम, मराठीत मी तुम्हाला सांगतोय. इंग्रजीत मी परीक्षा देतोय.' हे वाक्य त्याचं स्वतःचं आहे. तिथपर्यंत माणसाला त्याच्याच पायांनी पोचू द्यावं, या मताची मी आहे, आणि त्या दिवशी मला फार समाधान वाटलं.

परीक्षा देणाऱ्याला चूक लपवायची असते, म्हणून तो घाई करतो. घाईत शब्दांचे शेवट गळतात. शेवट गळले की समोरचा 'सॉरी?' म्हणतो आणि भीती खरी ठरते. हे चक्र व्याकरणाच्या पुस्तकाने तुटत नाही. समोरच्याला आकडा कळला का, एवढ्याकडेच लक्ष वळवलं की ते सैल पडू लागतं.

यानंतरचं काम सरळ होतं. समोरचा 'सॉरी?' म्हणाला, तर वाक्य बदलायचं नाही. तेच शब्द, सावकाश. आकड्याच्या आधी क्षणभर थांबायचं, आणि पंधरा सांगायचे तर 'वन फाइव्ह' म्हणायचं. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्या रेडिओवरच्या बोलण्यात अंक असेच सुटे उच्चारतात. तिथे तीनचा ठरवून दिलेला उच्चार 'ट्री' आणि नऊचा 'नायनर' आहे. हे ऐकून तो खुलला. आयुष्यभर ज्या 'थ'चा त्याने धसका घेतला होता, तो आंतरराष्ट्रीय नियमानेच तिथे बाजूला ठेवलेला! शिवाय पलीकडचे जर्मन लोकही इंग्रजी शिकूनच बोलतात. त्यांचा 'द' कसा 'झ'कडे झुकतो, ते त्याने पहिल्यांदाच नीट ऐकलं.

ॲक्सेंट बदलायच्या मागे मी कुणाला लावत नाही. कॅनडातले भाषा-संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं, की उच्चार परका वाटणं वेगळं आणि बोलणं न समजणं वेगळं. ज्यांचे उच्चार खूप परके वाटले, त्यांचीही पुष्कळ वाक्यं ऐकणाऱ्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहून काढली होती. मेहनत घ्यायची तर ती शब्दातल्या जोरावर घ्यावी. मराठीत जोर इकडेतिकडे झाला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे तयार झालेला नसतो. इंग्रजीत 'फिफ्टी'चा जोर 'फिफ'वर, 'फिफ्टीन'चा 'टीन'वर. 'कॉम्पोनंट'मध्ये तो 'पो'वर येतो. 'रिजेक्ट' हे नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. शब्दकोशात जोराच्या भागाआधी छोटी उभी रेघ असते. आपल्या कामातले रोजचे शब्द निवडून तेवढ्यांचीच रेघ बघावी, मोठ्याने म्हणावेत, रेकॉर्ड करून ऐकावेत. साऱ्या भाषेचा भार एकदम उचलायची गरज नसते.

काही आठवड्यांनी कॉलवर पुन्हा 'सॉरी?' आलं. त्याने तेच वाक्य सावकाश म्हटलं, 'वन फाइव्ह' म्हटलं आणि आकडा परत सांगायची विनंती केली. पलीकडून बरोबर आकडा आला. साहेबांना त्यात बोलावं लागलं नाही. छातीत धडधड अजून होते, पण माइक चालू असतो.

जाता जाता एक सांगते. मराठीत चार लोकांसमोर बोलतानाही असाच घाम फुटत असेल, त्या भीतीने मीटिंग, समारंभ, फोन टाळले जात असतील, तर अडचण इंग्रजीची नाही. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. या त्रासावर चांगले उपचार आहेत.