इंजेक्शननं गाठ गेली तर ऑपरेशन टळेल का?

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या मानेवाड्याची, वय 43. पिशवीत सहा सेंटीमीटरची गाठ निघाली, पाळीत इतकं जाऊन राहिलं की हिमोग्लोबिन 7.8 वर आलं. डॉक्टर म्हणतात आधी तीन महिने दर महिन्याला एक इंजेक्शन घ्या मग ऑपरेशन, सोबत हार्मोनची गोळीपण दिली. जाऊ म्हणते इस्ट्रोजेननंच गाठ वाढते तर तेच पोटात कशाला घ्यायचं?

उत्तर : जावेचं अर्धं बरोबर आहे. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली ही गाठ, इस्ट्रोजेनवर पोसतो, शिवाय प्रोजेस्टेरॉनवरपण, आणि गाठ स्वतःसुद्धा थोडं इस्ट्रोजेन तयार करते. म्हणूनच पाळी कायमची गेली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात. तुमचं ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन असेल तर ते मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूमच बंद पाडतं, म्हणजे काही दिवसांची उसनी मेनोपॉज. पहिले दोन-तीन आठवडे उलट हार्मोन वाढतात, तेव्हा जास्त गेलं तर घाबरून पुढचं इंजेक्शन सोडू नका, पण तासाला पॅड भिजायला लागलं किंवा चक्कर आली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. पुढे पाळी थांबते, गाठ तीन महिन्यांत साधारण एक तृतीयांश ते निम्म्यानं लहान होते आणि रक्त भरून निघायला वेळ मिळतो, खरा फायदा हाच. 7.8 वर टेबलावर जाणं मलापण पटत नाही, लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर सलाईनमधून लोह देता येतं का ते नक्की विचारा.

आता गोळीचं. इस्ट्रोजेन एकदम तळाला गेलं की अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गाऊन ओला होतो (नवतपात तर विचारूच नका, कूलरसमोर बसूनही), आणि सहा महिन्यांवर लांबलं तर हाडं विरळ होतात. म्हणून थोडंसं हार्मोन परत देतात, हाडांना पुरेल पण गाठ वाढायला पुरणार नाही इतकंच. अमेरिकेत 2021 साली याच त्रासासाठी मान्यता मिळालेल्या रेलुगोलिक्सच्या गोळीत (तीपण अंडाशयाचा हुकूम बंद पाडते) तर इस्ट्रोजेन आधीच मिसळलेलं असतं, आणि तरी रक्तस्राव कमी होतो!

ऑपरेशन टळेल का म्हणाल तर या इंजेक्शनच्या भरवशावर नाही, बंद केलं की काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढते. तुम्ही पन्नाशीच्या असता तर म्हटलं असतं की पाळी जाईपर्यंत ढकलू, पण 43 ला ते फार लांब पडतं. मात्र ऑपरेशन म्हणजे पिशवीच काढणं असं नसतं, नुसती गाठ काढता येईल का हे इंजेक्शननंतरच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन विचारा, आणि धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं तर पहिल्यांना राग येईल याची काळजी करत बसू नका.