दिव्यावर आलेला तो कीटक डोरायलसचा नर आहे

केनियातल्या किसुमूच्या घरी रात्री व्हरांड्यातल्या दिव्यावर आपटत राहिलेला, ३ सेंटिमीटरचा, तपकिरी, केसाळ, जाड पोटाचा कीटक कोणता, असं तुम्ही विचारलं आहे. वर कुणी गांधीलमाशी म्हटलंय, कुणी पंख फुटलेली वाळवी. माझ्या मते ही मुंगी आहे. सियाफू, म्हणजे रांगेने फिरणाऱ्या चावऱ्या मुंग्या, ज्या डोरायलस जीनसमध्ये (जवळच्या जातींच्या गटात) मोडतात, त्यातला नर.

वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात आणि तिला कंबर अशी नसतेच. तुमच्या फोटोत पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे आहेत. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक वेगळी, अर्धगोल गाठ दिसते. ही एकच गाठ आणि कोयत्यासारखे वाकलेले जबडे पाहिले की डोरायलसबद्दल शंका राहत नाही. याला नांगी नसते, म्हणून मुलं घाबरली असतील तर त्यांना तसं जरूर सांगा.

गांधीलमाशी वाटली यात मात्र नवल नाही. केप ऑफ गुड होपकडून आलेला असाच एक नर पाहून सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने १७६४ मध्ये त्याला गांधीलमाश्यांच्या वेस्पा या जीनसमध्ये घातलं होतं. डोरायलस हे जीनसचं नाव फॅब्रिशियसने १७९३ मध्ये दिलं. पुढचा गुंता मला फार मोलाचा वाटतो. वेस्टवुडने १८३९ मध्ये टिफ्लोपोने आणि शकार्डने १८४० मध्ये अनोमा ही नावं दिली ती आंधळ्या, बिनपंखी कामकरी मुंग्यांना. जावा बेटावरची राणी पाहून गेरस्टेकरने १८६३ मध्ये डिक्थाडिया हे आणखी एक नाव दिलं. घर एकच, पण नराला एक नाव, कामकऱ्यांना दोन आणि राणीला चौथं! कारण तिघं एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. नराला टपोरे डोळे आणि पंख, कामकऱ्यांना दोन्ही नाहीत. राणीलाही नाहीत, आणि ती तर अंड्यांनी फुगून ५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्यात राणी जमिनीखाली आणि नर एकटाच रात्री दिव्यावर, त्यामुळे तिघं एकत्र क्वचितच हाती लागतात.

त्या गोंधळाची शेपटी अजून शिल्लक आहे. डोरायलसच्या साधारण ६० जाती मानल्या जातात, पण काहींचं वर्णन फक्त नरावरून झालंय, काहींचं फक्त कामकऱ्यांवरून. म्हणून "ही मोलेस्टस" असं एखाद्या जातीचं नाव फोटोवरून ठोकून देणं मला पटत नाही. नराची जात ठरवायला जबड्यांचा आकार आणि जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. डीएनएनेही सगळं सुटत नाही. तुमच्यापासून जवळच असलेल्या काकामेगाच्या जंगलात मोलेस्टससारख्या आणि विल्व्हर्थी या दुसऱ्या जातीसारख्या दिसणाऱ्या मुंग्यांमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या (आईकडून मिळणाऱ्या) डीएनएचा एकच प्रकार सापडलाय, कारण तिथे त्यांचा संकर होतो. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा तुमच्या नोंदीत "डोरायलस, नर" एवढंच लिहून थांबा. ती नोंद अपुरी नाही, प्रामाणिक आहे.

भारतातही हे जीनस आहे. आसामात बटाटे पोखरणारी लाल मुंगी म्हणजे डोरायलस ओरिएंटॅलिस. तीही डोळ्यांवाचूनच वावरते.

एक कळकळीची विनंती: नमुना बाटलीत भरून कुणालाही पाठवू नका. मे २०२५ मध्ये केनियातल्या न्यायालयाने राणी मुंग्या बाहेर नेऊ पाहणाऱ्या चौघांना प्रत्येकी १० लाख शिलिंग दंड किंवा वर्षभराचा तुरुंगवास सुनावला. त्या मेसॉर जीनसच्या, दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या होत्या, पण परवान्याशिवाय कुठलीच मुंगी उचलू नये.

फोटो मात्र भरपूर काढा. डोकं समोरून, कंबरेची गाठ बाजूने, पोटाचं टोक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि पावसानंतर सियाफूची रांग दिसली तर बूट घालून, दोन पावलं लांब उभं राहून बघा. त्यांचे जबडे कातडीत रुतले की सुटत नाहीत. नर अशा रांगेजवळ उतरला तर कामकरी मुंग्या त्याला पकडतात, त्याचे पंख तोडतात आणि ओढत घरट्यात राणीकडे नेतात. तो क्षण तुम्हाला टिपता आला तर मोठ्या कामकरीचं डोकंही त्याच वेळी टिपा आणि दोन्ही फोटो इथे टाका. नर आणि कामकरी यांची जोडी एका चौकटीत मिळाली, तर जातीच्या नावाबद्दल आपल्याला पुन्हा बोलता येईल.