ल्युसर्न पाहायला एक दिवस पुरेल का?

होय, झुरिचहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतणार असाल तरी ल्युसर्नचे जुने शहर एका दिवसात नीट पाहून होते. कारण रॉइस नदी जिथे सरोवरातून बाहेर पडते, तिथेच तिच्या दोन्ही काठांवर ते वसलेले असून रेल्वे स्थानकापासून सारे काही पायी गाठता येते. गर्दी होण्याआधी १४व्या शतकातील कापेलब्र्युके हा छताचा लाकडी पूल पाहावा. १९९३ साली लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग आणि छताखालची बहुतेक त्रिकोणी चित्रे जळाली व पूल पुन्हा बांधावा लागला; म्हणूनच थोडे पुढे असलेल्या श्प्रॉयरब्र्युके या पुलावरील, माणसाला न्यायला आलेल्या मृत्यूची १७व्या शतकातील चित्रे मला अधिक मोलाची वाटतात आणि घाईत ती मुळीच चुकवू नयेत. तेथून चढून मुसेग तटबंदीवर जावे. तिच्या झीट बुरुजावरील १५३५ सालच्या घड्याळाला शहरातील इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले देण्याचा मान आहे. शेवटी, १७९२ साली पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांच्या स्मरणार्थ खडकात कोरलेला मरणोन्मुख सिंह पाहावा. मात्र हिवाळ्यात तटबंदी बंद असते, आणि पिलाटस किंवा टिटलिस पर्वतावर जायचे असल्यास त्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.