बाई, हे कसं लिहायचं? : शिवणीतली माया

बाई, माझी मुलगी दहावीत आहे. सराव परीक्षेत ‘जणू’ असलेल्या वाक्यापुढे तिनं ‘रूपक’ लिहिलं आणि गुण गेला. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक आज पाठ करते, उद्या विसरते. काही खूण सांगाल का?
*– एक आई, बार्शी*

व्याख्या जरा बाजूला ठेवा आणि एकच वस्तू हातात घ्या. तुमच्याकडे शाळू पिकतो, तोच घेऊ. ‘शाळूचे दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत.’ दाणे हे उपमेय, मोती हे उपमान, टपोरेपणा हा दोघांतला सारखा धर्म आणि ‘सारखे’ हा जोडणारा शब्द. ही उपमा. इथे दाणे आणि मोती शेजारी बसलेत, पण आपापल्या जागी.

आता म्हणा, ‘दाणे जणू मोतीच.’ जागा बदलायला निघाले, अजून पोचले नाहीत. ही उत्प्रेक्षा. ‘जणू, गमे, वाटे, भासे’ हे शब्द या वाटेवरचेच. ‘दाण्यांचे मोती राशीला लागले’ म्हटलं की दोन्ही एक झाले, ते रूपक. ‘हे दाणे नव्हेत, मोती आहेत’ म्हटलं की दाण्याला नाकारलं, ती अपन्हुती.

याच्या पुढची पायरी दहावीला विचारत नाहीत, पण लेकीला सांगा. मळणी झाल्यावर माझी आजी म्हणायची, ‘औंदा खळ्यावर मोती पडलं.’ वाक्यात दाणा कुठेच नाही. मोत्यानं दाणा गिळला. अकराव्या शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशात हा अतिशयोक्तीचा एक प्रकार मानलाय आणि त्याचा शब्दही ‘निगीर्य’, म्हणजे गिळून, असाच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच उरलंय, याचं मला वाईट वाटतं.

मुलीला सायंकाळी स्वयंपाकघरात या पाच वाक्यांसारखी आणखी पाच रचू द्या. वस्तू तिची तिला निवडू द्या.

बाई, माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. गेल्या वर्षी ते वारले. शोकसभेत तिघेजण बोलले. तिघांनीही ‘वटवृक्ष कोसळला’ आणि ‘न भरून येणारी पोकळी’ असंच म्हटलं. त्यांच्या मनात खोट नव्हती, तरी मला ते वडिलांविषयी वाटलंच नाही. आता वर्षश्राद्धाला मला चार शब्द बोलायचेत. वडील जेवतानाही गळ्यातला टेप काढत नसत. गणवेशात नेहमी जास्तीची माया सोडत, म्हणजे पोराचा सदरा पुढच्या वर्षी उसवून वाढवता येई. मला अलंकारिक बोलता येत नाही. साधंच बोललं तर चालेल का?
*– एक वाचक, फलटण*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर त्यातच आहे, पण तिथे पोचायला मी तुम्हाला आधी पानिपतावर नेते.

१४ जानेवारी १७६१ ला आपला पराभव झाला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले. वाटेत त्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडलं. त्यातला मजकूर पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो तो असा : दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. दोन मोती म्हणजे नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. रुपये-खुर्दा म्हणजे बाकीची फौज.

वर बार्शीच्या ताईंना सांगितलं तेच इथे आहे, मोत्यानं माणूस गिळलाय. पण लिहिणारा काही अलंकार करायला बसला नव्हता. उघड लिहिण्यासारखी बातमी नव्हती, आणि हाताशी होती ती रोजची भाषा : हुंडी, मोहोर, खुर्दा, जमाखर्च. तिच्यातच त्यानं ती मांडली. म्हणून अडीचशे वर्षांनंतरही वाचताना छातीत धस्स होतं.

त्या पत्रात मला एक गोष्ट कायम टोचते. मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मोजला नाही. वहीच तशी होती. तो खुर्दा कोणी मोजला? बायकांनी. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ असं आपण आजही म्हणतो. वर्गात हे लक्षणेचं उदाहरण म्हणून यायचं : शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून त्याच्या शेजारचा घ्यायचा. सरळ अर्थ जुळत नाहीच. रणावर पडले ते पुरुष. बांगड्या फुटल्या त्या बहुतेक इकडे, तुमच्या-माझ्या भागातल्या घराघरांत. एकतीस वर्षं हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि दर वर्षी लिहून झाल्यावर मुलांकडे वळायला मला क्षणभर वेळ लागायचा.

एक वाक्य सावकाराच्या वहीतलं, दुसरं हातातल्या काकणातलं. दोन्ही जिवंत आहेत, कारण ज्याच्या त्याच्या हातातल्या वस्तूतून आलीत.

आता तुमचा वटवृक्ष. ज्यानं पहिल्यांदा तो शब्द वापरला, तो उन्हातून येऊन वडाखाली टेकला असेल. त्याच्यासाठी तो खरा होता. शोकसभेतल्या तिघांवर रागावू नका. दुःखात माणूस हाताला लागेल तो शब्द उचलतो. पण तुमच्या वडिलांच्या दुकानात वड नव्हता. मशीन होतं, कात्री होती, खडू होता, टेप होता.

आणि माया होती. तुम्ही ‘जास्तीची माया सोडत’ असं सहज लिहून पुढे गेलात. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात काही वेगळं वाटणारच नाही. शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. बाहेरून दिसत नाही, पोरगं वाढलं की कामी येते. कपड्यातल्या त्या चार बोटांना मराठीनं हेच नाव दिलंय. विद्वान ह्याला श्लेष म्हणतील. तुम्हाला तो करायचाच नाहीये, वडिलांच्या धंद्यानं करून ठेवलाय.

एवढंच करा. सभेत तो शब्द शिंप्याच्याच अर्थानं वापरा. कुणाच्या तरी सदऱ्याची गोष्ट सांगा (नाव नको), किती बोटं माया सोडली होती, ती कितव्या वर्षी उसवली, जुन्या शिवणीची रेघ धुवूनही कशी दिसत राहायची. आणि ‘ही नुसती कापडातली माया नव्हती’ हे वाक्य बोलू नका. जिभेवर येईल, तरी गिळा. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ते सदरे घातलेत. त्यांना कळेल.

टेपचंही तसंच. गळ्यातला टेप जेवतानाही निघत नसे, इथे थांबा. ‘आयुष्याची मोजपट्टी’ वगैरे त्याला जोडू नका.

साधं बोललं तर चालेल का, असं विचारलंत. तुम्ही पत्रात जसं लिहिलंत, तसंच बोला.

आमच्या वाडीच्या पाण्याच्या टाकीबद्दल ग्रामपंचायतीला निवेदन द्यायचं आहे. शेवट ‘आम्ही आणखी किती दिवस गढूळ पाणी प्यायचं?’ असा केला तर परिणाम होईल का?
*– मंडळाचा एक कार्यकर्ता, देवरूख*

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा केसरीतला टिळकांचा अग्रलेख ६ जुलै १८९७ चा. प्लेगच्या बंदोबस्तात लोक भरडले गेले होते, रँडवर गोळी झाडली गेली होती आणि सरकार अख्ख्या पुण्यावर डोळे वटारून होतं. त्या प्रश्नाला टिळकांना सरकारकडून उत्तर नको होतं. उत्तर वाचणाऱ्याच्या ओठांवर आधीच होतं, प्रश्नानं ते फक्त बाहेर काढलं. असा प्रश्न सभेत विचारा, फलकावर लिहा, तिथे तो लोकांना एकत्र आणतो.

निवेदनात मात्र तुम्हाला खरोखरच उत्तर हवंय. ‘किती दिवस?’ म्हणून विचारलंत तर ‘लवकरच’ एवढं लिहून फाईल बंद करता येते. त्यापेक्षा टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख लिहा, गढूळ पाण्याची बाटली सोबत न्या, टाकी कोणत्या तारखेला धुणार ते लेखी मागा आणि पोच घ्यायला विसरू नका.